सुपातलं काळं कापड

श्रीपत उतेकरच्या नोकरीचं नाव सरकारी कागदावर ‘कीटक समाहारक’ असं होतं. एवढं जड नाव पोलादपूरच्या डोंगरात कुणाला पेलणार? लोक त्याला सरळ मच्छरवाला म्हणत. काम असं, की उजाडता उजाडता लोकांच्या घरात शिरायचं, बॅटरीच्या झोतात भिंतीवर बसलेले डास शोधायचे आणि रबरी नळीचं टोक तोंडात धरून एकेक डास हलक्या श्वासानं काचेच्या नळीत ओढून घ्यायचा. जिवंत, पाय न मोडता. एका घरात दहा मिनिटं, सहा घरांचा एक तास, आणि त्या तासाचा आकडा वहीत. हे काम तो तीस वर्षं करत होता आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

वहीत तीन रकाने होते: भेट दिलेली घरे, बंद घरे, नकार. तीस वर्षांत श्रीपतची शाई जास्त करून शेवटच्या दोन रकान्यांतच संपली. घर बंद म्हणजे मालक मुंबईला आणि चावी त्याच्या खिशात. नकाराच्या तर शंभर तऱ्हा. आज देव बसलेत. घरात बाळंतीण हाय. तुमच्या फवाऱ्यानं भिंती पांढऱ्या होतात नि ढेकूण वाढतात. एका गृहस्थानं त्याला ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं सलग अकरा वर्षं सांगितलं होतं. आणि हीच माणसं भाद्रपदात थंडीतापानं कुडकुडायला लागली की ओट्यावर बसून विचारणार, सरकार करतं काय? श्रीपतचं डोकं फिरायचं. पण फिरलेल्या डोक्यानं डास पकडता येत नाही, श्वास जोरात लागतो आणि डास चिरडतो. म्हणून तो राग गिळायचा आणि पुढच्या घरी जायचा.

असा हा माणूस गेल्या ज्येष्ठात एकदम बदलला, त्याला कारण प्रियदर्शिनी मॅडम. या मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या. वय तिशीचं, बोलणं साधं, आणि मुख्य म्हणजे डासाबद्दल बोलायला त्यांना कंटाळा येत नसे. त्या वीर स्टेशनवर उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन निळे पिंप होते. श्रीपतनं त्यांच्यावर ओली पोती टाकली, उन्हाची तिरीप लागू दिली नाही, आणि रिक्षावाल्याला सांगितलं की खड्डे बघून चालव, आत जीव हाय. खोटं नव्हतं ते. पिंपांत बुरशी होती. हिरवट भुकटीसारखी, तेलात कालवलेली.

“काका, डासानं आजारी माणसाचं रक्त प्यायलं, की हिवतापाचा जंतू त्याच्या पोटात पिकायला दहाबारा दिवस लागतात,” मॅडमनी रिक्षातच समजावलं. “तोवर तो चावला तरी हिवताप देत नाही. म्हणजे धोका म्हाताऱ्या डासाचा. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात काळं कापड टांगलं, की डास पोट भरल्यावर त्यावर विसाव्याला बसतो. बुरशीचे कण त्याला चिकटतात, अंगात शिरतात आणि आठवड्याभरात तो मरतो. माणसांना, गुरांना त्याचा त्रास नाही.”

“म्हणजे मारायचा नाही, म्हातारा होऊ द्यायचा नाही,” श्रीपत म्हणाला.

“अगदी बरोबर.”

तीस वर्षांत एवढी शहाणी गोष्ट त्यानं पहिल्यांदा ऐकली. भिंतीला फवारा नाही, वास नाही, ढेकूण नाहीत, नुसतं कापड टांगायचं. याला कोण नाही म्हणेल?

चाचणीला दोन वाड्या ठरल्या. एक श्रीपतची स्वतःची साकवकोंड, वीस उंबऱ्यांची. दुसरी ओढ्यापलीकडची पल्याडवाडी, एकवीस घरांची. मधे लाकडी साकव, माणूस पाच मिनिटांत इकडचा तिकडे. दोन्ही वाड्यांत सारखंच काळं कापड, सारखंच तेल. पण बुरशी एकाच वाडीतल्या कापडाला, दुसरीकडे कोरं तेल. दर पाच आठवड्यांनी नवं कापड द्यायचं आणि जुनं परत आणायचं, कारण तेवढ्या काळात बुरशीचा जोर संपतो. दिवाळीपर्यंत दोन्हीकडचे डास मोजायचे. फरक दिसला तर पुढच्या वर्षी अख्ख्या तालुक्याला कापड मिळणार, नाहीतर योजना बंद.

“कुठल्या वाडीत बुरशी आहे ते तुम्हालाही सांगणार नाही हं काका,” मॅडम म्हणाल्या. “माहीत असलं की मोजणाऱ्याचा हात नकळत झुकतो.”

श्रीपतला ते लागलं. तीस वर्षं मोजणाऱ्याचा हात झुकतो म्हणे! पण मॅडमनी भिजवून बांधलेल्या गठ्ठ्यांवर नुसतं ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलेलं असलं तरी ‘अ’ गठ्ठा उचलला की त्याच्या नखांत हिरवं भरायचं. ‘अ’ गठ्ठा साकवकोंडचा होता. सांगायला मॅडम कशाला हव्या होत्या?

कापडं टांगून झाली आणि छळ सुरू झाला. छळाचं नाव ठकूबाई. श्रीपतची शेजारीण, सत्तरीची, दोन लेकी पल्याडवाडीत दिलेल्या, आणि जीभ अशी की भाकरीला तिखट लागू नये.

“श्रीपत, हे बुऱ्याचं कापड होय रे?” तिनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. “बुरा आमच्याकडं फुकट येतो. आषाढ लागला की चपलेवर बुरा, पापडावर बुरा, देवाच्या तसबिरीवर बुरा. त्याला मुंबईवरनं गाडी कशाला?”

“काकी, हा बुरा वेगळा. हा फक्त किड्यांना धरतो.”

“मग दाखव की मेलेला मच्छर!”

इथंच घोडं पेंड खात होतं. मेलेला डास दाखवता येत नव्हता. बुरशी लागलेला डास दोनचार दिवस सुखानं उडायचा, मग कुठंतरी गवतात, गोठ्यात जाऊन मरायचा. फवारणीनंतर निदान जमिनीवर चार झुरळं उताणी दिसत, लोकांचं समाधान होई. इथं दुसऱ्या दिवशीही डास, तिसऱ्या दिवशीही डास, आणि कापडावर आरामात बसलेले. ठकूबाई त्याला हाताला धरून न्यायची आणि दाखवायची, “बघ, झोपाळ्यावर बसल्यागत बसलाय.” श्रीपत म्हाताऱ्या डासाचं सगळं शास्त्र सांगायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि घरात वेगळीच तऱ्हा. बुरशीचा पुरावा म्हणून दोन्ही वाड्यांतले जिवंत डास त्याला घरी आणून पाळायचे होते. कागदी पेले, तोंडावर जाळी, जाळीवर साखरपाण्याचा बोळा, पेल्यावर घराचं नाव. मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. रोज किती मेले ते लिहायचं आणि मेलेला डास ओल्या कापसावर ठेवायचा. तीनचार दिवसांत त्याच्यावर हिरवट लव आली, तर समजायचं की बुरशीनंच मेला. त्या खोलीत धूप नाही, उदबत्ती नाही, चुलीचा धूरही नाही. ज्या माणसानं जन्मभर डास मारायचा पगार घेतला तो आता डासांना वेळेवर साखरपाणी मिळतंय का ते बघत होता.

“लोकांच्या बायका नवऱ्याचे पाहुणे सांभाळतात,” त्याची बायको मैना म्हणायची, “मी मच्छर सांभाळते.”

मैनाच्या चिडण्याला तसा अर्थ होता. त्यांची एकुलती लेक दर्शना बाळंतपणाला आलेली. वैशाखात मुलगा झाला होता. बाळाचा पाळणा पडवीत, पाळण्याशेजारी काळं कापड, आणि पलीकडच्या खोलीत पेल्यांत भरलेले डास. पण पाळण्याला मच्छरदाणी होती आणि श्रीपत पेल्यांच्या जाळ्या दिवसातून चारदा तपासायचा.

श्रावण उलटला तसा आकडा हलला. सुरुवातीला दोन्ही वाड्यांत तासाला बावीसच्या घरात डास मिळत. पल्याडवाडीत अजून एकवीस. साकवकोंडात बारा, मग नऊ, मग सहा. पेल्यांतले साकवकोंडचे डास आठवड्यात मरत आणि कापसावर हिरवे होत. आकड्याचं काय, तो वहीत राहतो. खरी गंमत म्हणजे लोकांनाही जाणवलं. संध्याकाळी ओट्यावर बसलेली माणसं पायावर चापट्या मारेनाशी झाली. ठकूबाई एके दिवशी स्वतःहून म्हणाली, “श्रीपत, या वेळेला गोधडी अंगावर न घेता झोप लागली रे.” त्या वाक्यावर तो दोन दिवस तरंगत होता. मुंबईकरांनीसुद्धा बंद घरांच्या चाव्या शेजारी पाठवून दिल्या, आमच्याकडे पण कापड टांगा म्हणून. मैनाला तर नवऱ्याच्या नोकरीची पहिल्यांदा लाज वाटेनाशी झाली होती.

आणि तिथंच त्यानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

गौरी-गणपती जवळ आले होते. दर्शना बाळाला घेऊन सासरी जाणार होती. तिचं सासर पल्याडवाडी. लग्नानंतरचा तिचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढं भरलेली सुपं ओवाळायचा विधी, राहिला होता, कारण ओवसा पूर्वा नक्षत्रावर गौरी आल्या तरच होतो आणि त्या यंदा येत होत्या. जेवताना मैनानं सहज विचारलं, “दर्शनाच्या घरात पण आपल्यासारखंच कापड हाय ना?”

श्रीपतनं घास गिळला. आकडे मनासारखे पडले की शहाण्या माणसाची जीभही सैल होते. “कापड हाय. पण कोरं. बुरा आपल्याकडंच.”

“म्हंजे?”

“म्हंजे तिकडं फडकं टांगलंय. फरक दाखवायला.”

मैनानं पातेलं पुढं ओढलं. तिनं त्याच्या ताटात भात वाढला. तीस वर्षांच्या संसारात बायको गप्प बसली की काय होतं हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. पण तो त्या रात्री सहा आणि एकवीस या आकड्यांवर खूश होऊन झोपला.

तिसऱ्या फेरीचं कापड हरतालिकेच्या आदल्या दिवशी आलं. नेमक्या त्याच दिवसापासून श्रीपतला पोलादपूरच्या स्टँडवर ड्यूटी लागली. मुंबईहून गाड्या भरून माणसं येत होती, तापाच्या माणसाचं रक्त तपासायला घ्यायचं होतं. पल्याडवाडीची कापडं त्यानं स्वतः बदलली. साकवकोंडात घरोघरी पाहुणे, झाडलोट, लाडू-करंज्या. तो गठ्ठा मैनाच्या हाती देऊन म्हणाला, “आपलीच वाडी हाय. वाटून दे, बाया टांगतील. जुनी कापडं सण झाला की मी गोळा करतो.”

सण झाल्यावर त्यानं गोळा केली. वीस दिली होती, वीस परत आली. त्यानं ती न उलगडता पोत्यात कोंबली, नियमाप्रमाणे जाळली आणि वहीत बरोबरची खूण केली.

आश्विन लागला आणि वहीला वेड लागलं. साकवकोंडात सहाचे नऊ झाले, तेरा झाले, सतरा झाले. पल्याडवाडीत एकवीसचे चौदा, आठ, पाच. श्रीपतनं बॅटरीचे सेल बदलले. घरं उलट्या क्रमानं घेतली. एका पहाटे त्याच घरात दोनदा गेला. आकडा तोच. जिथं बुरशी तिथं डास वाढताहेत आणि जिथं कोरं फडकं तिथं मरताहेत! असं होतंच कसं? ठकूबाईनं पुन्हा गोधडी ओढली आणि पुन्हा तोंड उघडलं. “दोन महिने चालला तुझा बुरा. चायना माल!” श्रीपतला जेवण जाईना. तो मैनावर खेकसायचा, पेल्यांवर खेकसायचा. बुरशी खोटी, की मॅडम खोट्या, की आपलेच डोळे गेले? मैना त्याच्या नजरेला नजर देत नव्हती, ते मात्र त्याला दिसलं नाही.

प्रियदर्शिनी मॅडम आल्या. वही तीनदा वाचली.

“काका, गठ्ठे बदलले का?”

“नाय मॅडम. नखं बघून सांगतो, नाय बदलले.”

“नखं?” त्यांनी त्याच्या बोटांकडे बघितलं. मग वही मिटून म्हणाल्या, “मला वाईट वाटतंय विचारायला. पण माझे वरिष्ठ विचारतायत. सणाच्या दिवसांत तुम्ही स्टँडवर होतात. आकडे घरी बसून तर नाही ना भरले?”

श्रीपत उठून उभा राहिला. तीस वर्षं लोकांनी दार लावलं तेव्हाही त्यानं खोटा आकडा टाकला नव्हता. बंद तर बंद, नकार तर नकार. एखादा घरी बसून पन्नास घरं भरून मोकळा झाला असता, कोण बघणार होतं? आणि आज त्यालाच हे ऐकावं लागलं. त्याला रडूच आलं असतं, पण मॅडम त्याच्या लेकीपेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठ्या. त्यांच्यासमोर कसा रडणार?

“पंधरा दिवस द्या,” तो एवढंच म्हणाला. तोवर नवं कापड वाटायचं नाही असं ठरलं.

उत्तर पेल्यांतूनच आलं. सणापासून रिकामे पडलेले पेले त्यानं पुन्हा भरले, तर पल्याडवाडीचे डास पेल्यात भराभर मरायला लागले. त्यानं सवयीनं ते ओल्या कापसावर ठेवले. कोऱ्या वाडीचे डास ते, त्यांच्यावर काय उगवणार? चौथ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर तीन डासांवर हिरवी लव. पेल्यावर घराचं नाव वाचलं. त्याच्या व्याह्यांचं घर होतं. दर्शनाचं.

तो तसाच साकव ओलांडून गेला. दर्शना ओटीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं तिच्याशी न बोलता आत जाऊन पाळण्याशेजारच्या कापडावर बोट घासलं आणि बाहेर उजेडात आणलं. नख हिरवं झालं होतं.

“बाबा,” दर्शना हळूच म्हणाली, “आईला रागवू नका.”

मग सगळं बाहेर आलं. मैनाला त्या रात्री झोप लागली नव्हती. नातू अडीच महिने बुऱ्याच्या कापडाशेजारी वाढला, आणि आता तो तिकडे जाऊन कोऱ्या फडक्याशेजारी झोपणार? ओवशाची सुपं माहेरूनच जातात. पाच सुपांत पत्री, फळं, खोबरं, करंज्या भरल्या आणि सगळ्यांत खालच्या सुपात, हिरव्या खणात गुंडाळून, नवं कोरं आलेलं बुऱ्याचं कापड. काळं कापड गौरीपुढं उघडं कसं न्यायचं, म्हणून खण. स्वतःच्या घरात तिनं जुनंच कापड पुन्हा टांगलं. आणि ठकूबाईला सांगितल्याशिवाय मैनाच्यानं राहवलं असतं होय? ठकूबाईच्या दोन लेकी तिकडे. साकवकोंडच्या वीस घरांपैकी चौदा घरांतल्या लेकी, बहिणी, भाच्या पल्याडवाडीत नांदत होत्या. ज्यांचा ओवसा होता त्यांची सुपं गेली, ज्यांचा नव्हता त्यांनीही वाहत्या गंगेत हात धुतले. आणि माहेरचं सूप रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून तिकडून त्याच सुपांत कोरी कापडं परत आली. श्रीपतनं मोजून जाळली त्यांत हीच होती, जुनी तर घरोघरी पुन्हा टांगलेली. म्हणून तर वीसची वीस भरली.

तो घरी आला तेव्हा मैना तांदूळ निवडत होती.

“काय केलंस गो हे?” तो ओरडला. “तीस वर्षांत एकदा, एकदाच काहीतरी धड होत होतं! आणि तू ते सुपात घालून पाठवलंस?”

“तुमीच बोल्लात ना, तिकडं फडकं हाय.”

“मग जुनं द्यायचंस! नवं कशाला?”

मैनानं सूप खाली ठेवलं आणि वर बघितलं. “लेकीला जुनं देतात होय?”

यावर जगातल्या कुठल्या शास्त्राकडे उत्तर आहे? आपलेच दात, आपलेच ओठ. तो ओसरीवर जाऊन बसला आणि नखातलं हिरवं काडीनं कोरू लागला. चूक मैनाची म्हणावी तर तिला सांगितलं कुणी? गठ्ठा तिच्या हाती दिला कुणी? जुनी कापडं उलगडून बघायचं सोडून पोत्यात कोंबली कुणी?

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. नखांचं, जेवतानाचं, गठ्ठ्याचं, सुपांचं. मॅडम त्याच आठवड्यात आल्या. मैनासमोर बसून त्यांनी पुन्हा सगळं ऐकलं, आणि सुपं परत भरून आली त्या ठिकाणी त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसत त्या म्हणाल्या, “काका, यापेक्षा चांगला पुरावा मला मागून मिळाला नसता. बुरशी जिथं गेली तिथं डास मेले, जिथून गेली तिथं वाढले!”

श्रीपतचा चेहरा उजळला. “मग लिहा ना तसं.”

“लिहिते. सगळं लिहिते. पण समिती विचारणार, कुठल्या घरातलं कापड कुठल्या घरात गेलं, कुठल्या तारखेला, नोंद कुठंय? आपल्याला माहीत आहे म्हणून कागदावर बसेलच असं नाही.”

श्रीपतनं नोंद करायचा प्रयत्न केला. दोन आठवडे तो दोन्ही वाड्यांतल्या बायकांना विचारत फिरला. एकीनं सांगितलं गौरीच्या दिवशी, दुसरीनं आदल्या दिवशी. एका मावशीनं आपलं कापड भाचीला दिलं होतं आणि भाचीनं ते अर्धं फाडून जावेला. ठकूबाईनं दोन लेकींना मिळून एकच दिलं होतं, पण आता ती दोन दिल्याचं सांगत होती, कारण धाकटीला कळलं तर ती रुसेल. वहीत रकाने आखून आखून त्याचे हात दुखले. शेवटी झालेला कागद त्याचा त्यालाच पटेना.

पत्र माघात आलं. हिवताप ऑफिसात साहेबानं ते त्याच्या हातात दिलं. ‘ग्रामस्थांच्या असहकारामुळे सदर चाचणी खंडित करण्यात येत असून योजनेचा पुढील टप्पा रद्द समजावा. दोन्ही वाड्यांतील शिल्लक कापडे गोळा करून नष्ट करावीत.’ आकडे खोटे असल्याचं त्यात कुठं नव्हतं, तेवढं मॅडमनी सांभाळलं होतं. पण असहकार! श्रीपतनं तो शब्द तिथं उभ्या उभ्या चारदा वाचला. तीस वर्षं ज्यांनी दारं लावली त्यांच्याबद्दल कुणी कधी असं पत्र काढलं नाही. आणि ज्या वर्षी बायांनी ते कापड देवीच्या सुपात घालून नेलं, त्या वर्षी असहकार. रागानं त्याचे कान तापले. पण रागावणार कुणावर? पत्रावर सही करणाऱ्याला सूप म्हणजे काय तेही ठाऊक नसेल.

कापडं गोळा करायला तो निघाला. दोन्ही वाड्यांत एकही दार बंद नव्हतं. एकेका घरात तो कापड काढायचा आणि बाई मागून विचारायची, “नवं कवा येणार?” कुणी चहा दिला, कुणी वालाच्या शेंगा बांधून दिल्या. दर्शनानं काढू दिलं नाही. “राहू दे ना बाबा,” ती म्हणाली, “याला बुरा हाय.” त्यानं समजावलं की बुरा कधीच मेला, आता ते नुसतं फडकं आहे, बाळाला मच्छरदाणीत ठेव. ती मान हलवत होती, पण तिला ते पटलेलं नव्हतं, आणि त्याला ते दिसत होतं. त्यानं कापड स्वतःच्या हातानं काढलं तेव्हा पाळण्यातलं पोर त्या मोकळ्या झालेल्या भिंतीकडे बघत राहिलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं वही उघडली. भेट दिलेली घरे एकेचाळीस. बंद घरे शून्य. नकार शून्य. असं पान त्यानं उभ्या नोकरीत लिहिलं नव्हतं. मैना शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत होतं, तिनं तिन्ही रकान्यांवरनं बोट फिरवलं.

तेवढ्यात अंगणात माणसांचा आवाज आला. ठकूबाई पुढं, आणि मागं वरच्या धनगरवाटेकडच्या वाडीतल्या सातआठ बाया. या वाडीनं वीस वर्षं श्रीपतला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. प्रत्येकीच्या हातात घडी केलेलं काळं कापड. महाडच्या बाजारातून स्वतःच्या पैशानं आणलेलं.

“श्रीपत, बाहेर ये रे!” ठकूबाई ओरडली. “कापड यांनी आणलंय. तू फक्त तुझा तो बुरा लाव.”

श्रीपतनं वहीच्या शेवटच्या रकान्याकडे बघितलं. तीस वर्षं त्यात तो दुसऱ्यांचे नकार लिहीत आला होता. आज द्यायचा होता तो नकार त्याचा स्वतःचा होता. त्यानं वही मिटून मैनाच्या हातात दिली आणि ओट्यावर गेला.